चौसष्ट ठिपक्यांची मराठी

मी प्रोग्रामिंग शिकलो ते मराठी अक्षरांमुळे. ऑफिसातल्या नव्या पोरांना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी मराठी मिडियमबद्दल बोलतोय, पण मला खरंच लिपीबद्दल बोलायचं असतं. क, ख, ग, काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळं एका छोट्याशा ब्रिटिश मशिनमध्ये बसवायचं होतं आणि ते बसवता बसवता लूप आला, अ‍ॅरे आला, बायनरी आली, मेमरीत काय कुठे ठेवलेलं असतं ते आलं, आणि शेवटी मशिन कोडही आला. पुढे कॉलेजात जे शिकवलं त्यातलं बरंचसं तोपर्यंत हाताखालून गेलं होतं. सध्या त्या काळच्या कॅसेट काढून परत वाजवून बघतोय, त्यामुळे सगळं डोक्यात ताजं झालंय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

मशिन होतं झेडएक्स स्पेक्ट्रम, घरच्या टीव्हीला जोडायचा छोटा कॉम्प्युटर, ४८ के मेमरीवालं, रबराच्या बटणांचं. सिंक्लेअर कंपनीने ते इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२ मध्ये आणलं, तिकडे ४८ के ची किंमत तेव्हा १७५ पौंड होती. मामा मर्चंट नेव्हीत होता, १९८४ मध्ये सुट्टीवर आला तेव्हा लंडनहून घेऊन आला. आम्ही गिरगावात, चाळीत, दोन खोल्या. वडील बँकेत आणि युनियनचे कार्यकर्ते. १९८३ मध्ये बँक युनियन आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणावर करार झाला होता, त्यावरून आमच्या घरी रात्री उशिरापर्यंत चाललेले वाद मी झोपेचं सोंग घेऊन ऐकलेले, कॉम्प्युटर आला की क्लार्कच्या खुर्च्या जाणार हे वाक्य तर मला पाठ झालं होतं. पण मामाने खोका उघडला तेव्हा वडील शेजारी येऊन बसले, मॅन्युअल हातात घेऊन बराच वेळ चाळलं आणि म्हणाले, "हे माणसाला शिकवायला केलेलं दिसतंय. शीक तू." बातम्या आणि शनिवारचा मराठी पिक्चर सोडून टीव्ही मला मिळाला. दोन खोल्यांच्या घरात, जिथे शेजारपाजारचेही टीव्ही बघायला येऊन बसतात, तिथे टीव्ही एका आठवीतल्या पोराच्या ताब्यात देणं ही केवढी गोष्ट होती ते मला आज कळतं.

पण टीव्हीवर चित्रच येईना. स्पेक्ट्रम आपलं चित्र यूएचएफच्या ३६ नंबरच्या चॅनलवर सोडतो, आणि आमचा शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही फक्त व्हीएचएफचा, खटक खटक फिरवायचा नॉब, १२ च्या पुढे काही नाहीच. कुठेही फिरवा, नुसत्या मुंग्या. मामा तोपर्यंत जहाजावर परत गेला होता. शेवटी वडील मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले, तिथे टीव्ही दुरुस्त करणारे एक मेस्त्री त्यांच्या ओळखीचे होते. मेस्त्रींनी असलं मशिन आधी कधी बघितलं नव्हतं पण त्यांनी ते उघडलं, आत मॉड्युलेटरचा, म्हणजे चित्र टीव्हीच्या चॅनलवर चढवणारा, चंदेरी डबा होता तो दाखवला आणि म्हणाले, "हे बघ, या डब्यात शिरायच्या आधी सिग्नल साधा व्हिडिओच आहे, तोच बाहेर काढू." मग रविवारी घरी आले, स्पेक्ट्रममधून वायर काढून सॉकेट बसवला आणि टीव्हीत ट्यूनर वगळून सरळ व्हिडिओच्या स्टेजला जोडणी दिली. त्याआधी टीव्हीची चासी टेस्टरने तपासली, कारण त्या वेळच्या बऱ्याच टीव्हींची चासी थेट मेन्सला जोडलेली असायची, तसंच जोडलं असतं तर मशिन तर जळलंच असतं, शिवाय हात लावणाऱ्यालाही झटका बसला असता. म्हणून मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकला, आणि मगच बटण दाबलं. पडद्याच्या तळाला बारीक अक्षरात सिंक्लेअर रिसर्चचं नाव आणि १९८२ हे साल उमटलं. जाताना मेस्त्रींनी सगळी जोडणी वहीच्या कागदावर काढून दिली, "पुढच्या वेळी तू कर." माझ्या आयुष्यातला तो पहिला सर्किट डायग्राम, आणि कॉम्प्युटर उघडून बघायची वस्तू आहे हे मला त्या माणसाने शिकवलं.

ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही म्हणून रंग दिसायचे नाहीत, पण स्पेक्ट्रमच्या रंगांचे ० ते ७ नंबर मुद्दाम उजेडाच्या क्रमाने लावलेले आहेत, काळा ०, पांढरा ७, म्हणजे आमच्यासारख्यांच्या टीव्हीवर करड्याच्या चढत्या छटा दिसाव्यात. हे मॅन्युअलमध्येच लिहिलेलं होतं. ते मॅन्युअल स्टीव्हन विकर्स यांचं. मशिनबरोबर यायचं, आणि इतक्या शांतपणे, पायरी पायरीने समजावून सांगणारं पुस्तक मी त्यानंतर फार कमी बघितलं. माझं इंग्रजी तेव्हा बेताचं, डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक प्रकरण लावायचो.

आणि स्पेक्ट्रमची एक गोष्ट मराठी मिडियमच्या मुलाला फार सोयीची होती, एका बटणावर अख्खा शब्द. पी दाबलं की पूर्ण प्रिंट उमटायचं, एल दाबलं की लेट, जे दाबलं की लोड, एफ दाबलं की फॉर. स्पेलिंग येवो न येवो. ओळ लिहून एंटर दाबलं की मशिन तिथल्या तिथे ती तपासायचं, बसत नसेल तर जिथे अडलंय तिथे प्रश्नचिन्ह लुकलुकायचं आणि ओळ आत घ्यायचंच नाही. म्हणजे शिक्षक समोर बसल्यासारखाच. आतेभावाच्या शाळेत केंद्र सरकारच्या क्लास प्रोजेक्टमधून, म्हणजे शाळांत कॉम्प्युटर शिकवायच्या योजनेतून, बीबीसी मायक्रो हा दुसरा ब्रिटिश कॉम्प्युटर आला होता, त्याच्या बेसिकमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या भाषेत, एल्स म्हणजे 'नाहीतर' होतं, प्रोसिजर होत्या, आमच्याकडे एल्सच नाही. तो सुट्टीत आला की त्यावर आमची जुंपायची. पण त्याला तो आठवड्यातून एक तास मिळायचा, तोही एका मशिनसमोर चार-पाच जण दाटीवाटीने, आणि माझा माझ्या घरात होता. यात सगळं आलं.

साठवण कॅसेटवर. टेपरेकॉर्डरला पाच पिनांचा डिन सॉकेट, स्पेक्ट्रमला बारीक ३.५ एमएमचा, म्हणून वायर स्वतः डाग देऊन बनवली, मेस्त्रींच्याच दुकानात बसून. लोड करताना पडद्याच्या कडेला आधी रुंद पट्टे सरकतात, तो सुरुवातीचा सलग सूर, आणि मग डेटा सुरू झाला की बारीक पट्टे आणि तो किर्रर्र आवाज, जो ज्यांनी ऐकलाय त्यांना झोपेतही ओळखता येईल. पूर्ण ४८ के भरायला पाचेक मिनिटं लागायची. व्हॉल्यूम कुठे ठेवायचा ते नॉबवर पेनाने खूण करून ठेवलेलं, ट्रेबल फुल्ल. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून आवाज जास्तीत जास्त टोकदार येईल असा लावायचा, दुसऱ्याच्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट असेल तर हे करावंच लागायचं. सेव्ह केलं की व्हेरिफाय, म्हणजे कॅसेटवरचं मेमरीशी ताडून बघणं, करायचंच करायचं, कारण आमच्या मजल्यावर कोणी मिक्सर लावला की टीव्हीवरचं चित्र आक्रसायचं आणि व्होल्टेज जास्त पडलं तर स्पेक्ट्रम रीसेट, मेमरीतलं सगळं साफ. आईने मग शेजारी सांगूनच ठेवलं होतं की चटण्या वाटायच्या आधी पोराला हाक मारा, आणि त्या खरंच हाक मारायच्या. "ए, मिक्सर लावतेय रे, तुझं ठेवलंस का?" अख्ख्या मजल्याला सेव्ह म्हणजे काय ते माहीत होतं.

आता अक्षरांकडे येतो.

मॅन्युअलमध्ये एका प्रकरणात होतं की तुम्ही स्वतःची चित्राक्षरं बनवू शकता, ए पासून यू पर्यंत २१. एक अक्षर म्हणजे ८ बाय ८ ची चौकट, चौसष्ट ठिपके, एका ओळीचे आठ ठिपके म्हणजे एक बाइट. ते वाचलं आणि मी त्याच दिवशी गणिताच्या वहीतल्या आलेखाच्या कागदावर प काढला. वरच्या दोन ओळी मात्रांसाठी मोकळ्या, तिसरी ओळ शिरोरेषा, पूर्ण भरलेली, म्हणजे ११११११११, म्हणजे २५५. त्याखाली ०१०००००१० असं काही जमत नाही, आठच घरं, म्हणून ०१००००१०, म्हणजे ६४ अधिक २, ६६. परत ६६. मग आडवी ००१११११०, ६२. मग नुसता दांडा, २, आणि परत २. डेटाच्या ओळीत ०, ०, २५५, ६६, ६६, ६२, २, २ लिहिलं, फॉर लूपने वाचून एकेक पोक केलं, म्हणजे मेमरीत नेऊन ठेवलं, आणि टीव्हीवर प आला. दूरदर्शनवर मराठी अक्षरं रोज दिसायची, पण ती दुसऱ्या कोणी पाठवलेली. हा प मी पाठवला होता, आकडे सांगून. बायनरी मला कोणी शिकवली असं झालंच नाही, ती प लिहिताना आली.

लगेच अडचणी सुरू झाल्या आणि खरं शिक्षण त्या अडचणींतच आहे. मराठीत व्यंजनंच ३४, स्वर वेगळे, मात्रा वेगळ्या, आणि जागा २१. शिवाय शिरोरेषेखाली उरतात पाच ओळी, त्यात प, ग, न छान बसतात, पण झ आणि ळ गुदमरतात, आणि उकाराला तर जागाच नाही. वरच्या मजल्यावर एक दादा होता, व्हीजेटीआयला इलेक्ट्रिकलला, त्याला कागद दाखवले. तो म्हणाला, "अरे, २१ च्या मागे कशाला लागलास, अख्खा इंग्रजी अक्षरांचा तक्ताच बदल." स्पेक्ट्रम अक्षरांचे आकार कुठून घ्यायचे तो पत्ता २३६०६ आणि २३६०७ या दोन जागी ठेवतो, तक्ता जिथे सुरू होतो त्याच्या २५६ मागचा आकडा. आपण मेमरीत वर आपला तक्ता ठेवायचा आणि तिथला पत्ता बदलायचा. ९६ अक्षरं, प्रत्येकी ८ बाइट, ७६८ बाइट. ४८ के पैकी बेसिकला साधारण ४१ के मिळायचे, त्यात हे काहीच नाही.

मग त्यावर माझ्या डोक्यात आलं की असे दोन तक्ते केले तर? एकात सगळ्या अक्षरांचे वरचे अर्धे भाग, दुसऱ्यात खालचे. म्हणजे एका अक्षराला एकावर एक दोन घरं, १६ ओळी उंची. वरच्या घरात चार ओळी मात्रांना, मग शिरोरेषा, मग अक्षराची सुरुवात, खालच्या घरात उरलेलं अक्षर आणि तळाला उकार. एकच वाक्य वरचा तक्ता लावून एका ओळीत छापायचं, तेच वाक्य खालचा तक्ता लावून पुढच्या ओळीत छापायचं, दोन्ही मिळून पूर्ण मराठी. पहिला तक्ता ६०००० वर ठेवला, दुसरा लगेच त्याच्यापुढे ६०७६८ वर, आणि ७६८ म्हणजे बरोबर २५६ च्या तिप्पट, त्यामुळे पत्त्याचा फक्त वरचा बाइट बदलतो. २३६०७ मध्ये २३३ टाकलं की वरचा अर्धा, २३६ टाकलं की खालचा अर्धा, ६० टाकलं आणि २३६०६ मध्ये शून्य टाकलं की परत इंग्रजी. दादाने हे बघितलं, काही बोलला नाही, खाली जाऊन दोन कटिंग घेऊन आला. आम्ही जिन्यात बसून प्यायलो.

मात्रांचं वेगळंच. के लिहायचं तर क च्याच घरात मात्रा यायला हवी, नवीन घर घेऊन चालत नाही. त्याला स्पेक्ट्रमकडे ओव्हर होतं. एक घर मागे सरकायचं कॅरेक्टर आहे, ८ नंबरचं, त्याने मागे जायचं आणि ओव्हर चालू ठेवून वर छापायचं, जुनं पुसलं न जाता नवीन त्यावर बसतं. पण हे बसवणं एक्सॉरने होतं, म्हणजे दोन्हीकडे ठिपका असेल तर तो जातो. त्यामुळे मात्रेच्या चौकटीत शिरोरेषा द्यायचीच नाही, दिली की क ची शिरोरेषा गायब होते. दादाने एक्सॉरचा तक्ता भिंतीवर खडूने लिहून दाखवला होता, तो पुढच्या दिवाळीत रंग लावेपर्यंत तिथेच होता. पुढे कॉलेजात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या लेक्चरला तोच तक्ता फळ्यावर आला तेव्हा माझ्या डोळ्यासमोर क ची गेलेली शिरोरेषा आली.

आणि मग पहिली वेलांटी. ही सगळ्यात जास्त शिकवून गेली. आपण बोलतो क मग इ, पण लिहिताना वेलांटीचा दांडा क च्या आधी. मी सरळ लिहितात तसंच साठवायचं म्हणत होतो, आधी वेलांटी मग क, सोपं पडतं. दादा अडून बसला. "साठवायचं बोलतो तसं, दाखवायचं लिहितो तसं. दोन्ही कामं वेगळी ठेव." दोन संध्याकाळी आमचं यावर वाजलं. मला त्याचं म्हणणं पटलं ते मंडळाच्या वर्गणीच्या यादीवरून. चाळीच्या गणपतीची यादी आडनावांप्रमाणे लावून द्यायची असं चिटणीस काकांना मी कबूल केलं होतं, आणि यादी लावायची तर मशिनने क नंतर का, मग कि, की, कु असाच क्रम धरायला हवा. व्यंजनांना वर्णमालेच्या क्रमाने नंबर दिले, सगळ्या मात्रांना व्यंजनांच्या नंतरचे नंबर दिले, आणि साठवताना बोलतो तसं साठवलं, तर बेसिकची साधी लहान-मोठं बघणारी खूणच बरोबर क्रम देते, कदम आधी, मग काळे, मग किणी, मग कुलकर्णी. वेगळं काही करावंच लागत नाही. वेलांटी आधी साठवली असती तर किणी जाऊन भलतीकडेच पडले असते. कुलकर्णींच्या रफाराचंही तेच, तो बोलताना ण च्या आधी येतो आणि लिहिताना ण च्या डोक्यावर बसतो, तेव्हा साठवताना आधी, छापताना नंतर आणि ओव्हरने वर. त्यासाठी अक्षरं एकेक करून तपासणारं, पुढचं काय आहे ते डोकावून बघून मग छापणारं सबरुटीन लिहिलं. क्ष, ज्ञ, त्र, श्र यांना स्वतःची घरं दिली, बाकीच्या जोडाक्षरांचे पाय मोडले.

पुढे नोकरीत मराठी सॉफ्टवेअरचं थोडं काम आलं तेव्हा इस्कीचं, म्हणजे भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर ठरवून देणारं, १९९१ चं भारतीय मानक हातात पडलं, आणि जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी तेच करणारं युनिकोड तर आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. तिथे हेच आहे. कि लिहिलं की आत आधी क साठवला जातो, मग वेलांटी, आणि वेलांटी पुढे आणून दाखवायचं काम छापणाऱ्या भागाचं. व्यंजनं आधी, मात्रा त्यांच्यानंतर. रफार म्हणजे आधी र, मग हलंत, मग ण. मी ते पान वाचलं आणि लगेच दादाला फोन केला, तो तेव्हा बडोद्याला होता. हे ठरवणारी माणसं फार मोठी, आम्ही त्यांच्या आसपासही नाही, पण लिपीच अशी आहे की तिच्याशी प्रामाणिकपणे झटलं तर ती माणसाला त्याच वाटेवर नेते, मग तो कानपूरला आयआयटीत बसलेला असो की गिरगावात जिन्यात. हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही तितकंच वाटतं.

१९८६ च्या गणपतीत ते मंडपात लागलं. काकांची इच्छा होती की आरतीची वेळ, स्पर्धा, हळदीकुंकू, कोणाचा प्रसाद हे टीव्हीवर सरकत्या अक्षरात दिसावं. बेसिकमधून अक्षर अक्षर सरकवून बघितलं तर ते ठेच लागल्यासारखं पुढे जायचं, एका वेळी अख्खं घर. एकेक ठिपका सरकवायचा तर बेसिकचं काम नव्हतं, झेड८० च्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोसेसरच्या, मशिन कोडमध्ये जावं लागणार होतं. आज्ञांचे आकडे करून देणारा असेंबलर आमच्याकडे नव्हता. पण मॅन्युअलच्या मागे कॅरेक्टरच्या तक्त्यातच प्रत्येक नंबरासमोर झेड८० ची आज्ञा छापलेली होती, त्यावरून हाताने लिहिलं. एका ओळीसाठी अगदी छोटं, ३२ बाइट उजवीकडून डावीकडे फिरवत न्यायचे, एका बाइटमधून बाहेर पडलेला ठिपका कॅरीत, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका ठिपक्याएवढ्या जागेत, धरायचा आणि पुढच्या बाइटमध्ये घालायचा. २०३, २२ म्हणजे फिरव, ४३ म्हणजे एक पत्ता मागे, १६, २५१ म्हणजे ३२ होईपर्यंत परत पहिल्यावर जा. मधल्या दोन आज्ञा कॅरीला धक्का लावत नाहीत म्हणून हे चालतं, नाहीतर प्रत्येक वेळी कॅरी कुठेतरी जपून ठेवावा लागला असता. हे जेव्हा समजलं की कोणीतरी हा प्रोसेसर बनवताना एवढा विचार करून ठेवलाय, तेव्हा मला प्रोसेसर बनवणाऱ्यांबद्दल जो आदर वाटला तो अजून उतरलेला नाही.

पडद्याच्या मेमरीचंही एक गणित आहे. त्याच घरातली खालची ठिपक्यांची ओळ ३२ बाइट पुढे नसते, २५६ बाइट पुढे असते, म्हणून पत्त्याचा फक्त वरचा बाइट एकाने वाढवायचा. आधी विचित्र वाटतं, पण अक्षर छापताना त्यामुळेच काम झपाट्याने होतं. दोन घरं मिळून १६ ओळी, प्रत्येकीला तेच रुटीन. सगळे आकडे डेटात लिहिले, पोक केले, धडधडत्या छातीने रँडमाइझ यूएसआर, म्हणजे मशिन कोड चालू करायची आज्ञा, दिली. आणि "गणपती बाप्पा मोरया" उजवीकडून निघालं आणि पाण्यासारखं डावीकडे गेलं.

मंडपात टीव्ही मखराच्या बाजूला, स्पेक्ट्रम टेबलाच्या खाली पाटावर, वरून प्लास्टिक, कारण भाद्रपदातला पाऊस आणि मंडपाचं गळणं. लायटिंगमुळे व्होल्टेज हलायचं, मशिन रीसेट व्हायचं, मग कॅसेट लावून परत भरायचं, आणि तेवढा वेळ पट्टे आणि किर्रर्र आवाज, लहान पोरं तेच बघायला पुढे येऊन बसायची. म्हाताऱ्या आजी येऊन आपल्या नातवाचं नाव सरकताना बघायच्या, आणि परत येईपर्यंत उभ्या राहायच्या. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर जाताना काका मला म्हणाले, "पुढच्या वर्षी जमाखर्च पण त्यावरच कर." तो जमाखर्च मी पुढच्या वर्षी केला, आणि तो माझा पहिला कोणीतरी वापरलेला प्रोग्राम. त्यात चित्रविचित्र काही नाही, वर्गणी आत, मांडववाला, मूर्तिकार, लाऊडस्पीकर बाहेर, शिल्लक तळाला. पण बेरीज पैशापर्यंत जुळली आणि ती सभेत वाचली गेली.

स्पेक्ट्रम १९८८ नंतर हळूहळू मागे पडला, कॉलेजात पीसी आले, जीडब्ल्यू बेसिक, मग सी. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्येच घेतला होता. चाळही रीडेव्हलपमेंटला गेली, आम्ही दहिसरला आलो, मशिन कपाटात. त्याचा पडद्यासारखा पातळ कीबोर्डचा थर वाळून तुटला, तो बाहेरून नवीन मागवता येतो, मागवणार आहे.

कॅसेटचं काम मात्र आधी घेतलं, कारण त्या थांबणार नाहीत. मुंबईच्या दमटपणात टेपला बुरशी धरते, डब्याच्या खिडकीतून पांढरट दिसते. अशी कॅसेट तशीच डेकमध्ये घालायची नाही, हेड खराब होतं. मी आधी हाताने, पेन्सिलीने, पूर्ण इकडून तिकडे गुंडाळून घेतो, मऊ कापड धरून, मग हेड आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाजवतो. डेकमधून लॅपटॉपला वायर, ऑडॅसिटीत मोनो, ४४१०० वर रेकॉर्ड. हेडचा स्क्रू परत तोच खेळ, किंचित फिरवायचा, कान देऊन आवाज टोकदार करायचा, माझ्या बोटांना ते आठवत होतं. मग त्या फाइलवरून टेपची प्रत बनवायची आणि फ्यूज या एम्युलेटरमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, लोड करायची. स्पेक्ट्रमच्या रॉमचे, म्हणजे मशिनमध्ये कायम बसवलेल्या प्रोग्रामचे, हक्क तेव्हा अ‍ॅमस्ट्रॅडकडे होते, पण एम्युलेटरबरोबर वाटायला त्यांनी १९९९ मध्ये परवानगी दिली, म्हणून आज हे सगळं मोकळेपणाने करता येतं. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अक्षरांची कॅसेट लोड झाली. दोन्ही तक्ते शाबूत, झ आणि ळ सकट. पुतणी दहावीत आहे, शाळेत पायथन शिकते, तिला दाखवलं, तिने आधी विचारलं की फॉन्ट कुठून डाउनलोड केला. मग मी तिला आलेखाचा कागद दिला. ती आता पाय मोडलेल्या जोडाक्षरांच्या मागे लागलीये, स्त, ष्ट, न्य यांना घरं द्यायची म्हणते, ९६ मधली रिकामी किती ते मोजून झालंय तिचं, आणि ती कमी पडणार हेही तिला कळलंय. तिसरा तक्ता करूया का असं विचारत होती. कर म्हटलं.

जमाखर्चाची कॅसेट अजून लोड होत नाहीये. दुसऱ्या बाजूला आहे, निम्म्यापर्यंत येते आणि त्याच जागी टेप लोडिंग एरर. रेकॉर्डिंगमध्ये बघितलं तर तिथे आवाज काही क्षण बसलाय, बुरशीनेच असणार. दादाकडे पुण्याला त्या कॅसेटची एक प्रत असायला हवी, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याला करून दिली होती, तो माळ्यावरची ट्रंक उतरवून बघणार आहे.